पोट भरलेलं, तरी जनावर उपाशी: नागपूरच्या कोरड्या रानात चरणाऱ्या गुरांना काय, किती आणि कधी पुरवायचं

मार्चच्या शेवटी हिंगणा, कुही, उमरेड, कुठल्याही गावच्या आखरावर संध्याकाळी परतणारी ढोरं पाहा. पोटं फुगलेली असतात आणि वरच्या बरगड्या एकेक मोजता येतात. रानात गवत नसतं असं नाही. ई-क्लासच्या (सरकारी चराईच्या) बरडावर, धुऱ्यांवर म्हणजे बांधांवर, पांदणीच्या कडेला पिवळं गवत गुडघाभर उभं असतं. गायकी (गुराखी) आठ तास चारून आणतो, तरी गाय दर महिन्याला वाळत जाते, माजावर येत नाही, आणि पेरणीच्या तोंडावर बैलाच्या अंगात ताकद उरत नाही.

अशा वेळी बहुतेक जण म्हणतात, चारा कमी पडला, अजून घाला. मग गव्हाणीत तणस (धानाचा पेंढा) किंवा कडबा वाढतो, जनावर त्यातला निम्मा टाकून देतं आणि खंगत राहतं. दुखणं चाऱ्याच्या ढिगात नसतं. ते जनावराच्या पोटात, अगदी पहिल्या कप्प्यात असतं.

गाय, म्हैस, शेळी ही जनावरं स्वतः गवत पचवत नाहीत. कोठीपोटात, ज्याला पशुवैद्यक रुमेन म्हणतात, अब्जावधी सूक्ष्मजीव राहतात आणि गवताचा काष्ठमय तंतू तेच फोडतात. त्यातून तयार होणाऱ्या आम्लांवर गाईची शक्ती चालते. पुढे हे सूक्ष्मजीव स्वतःच पुढच्या कप्प्यांत जाऊन पचतात आणि गाईला प्रथिनं मिळतात. म्हणजे आपण गाईला खाऊ घालतो तेव्हा खरं तर आधी या सूक्ष्मजीवांना जेवू घालत असतो. त्यांना वाढायला नत्र (नायट्रोजन) लागतं, आणि ते चाऱ्यातल्या प्रथिनांतून येतं. चाऱ्यात प्रथिनांचं प्रमाण सुमारे ७ टक्क्यांच्या खाली गेलं की त्यांची संख्या घटते आणि तंतू फुटायला वेळ लागतो. हिरवा चारा दीडेक दिवसात पुढे सरकतो, तर असं गवत तीन-तीन दिवस कोठीपोटात पडून राहतं. पोट रिकामं होत नाही म्हणून भूक लागत नाही, आणि भूक नाही म्हणून जनावर कमी खातं. संध्याकाळी दिसणारं ते तट्ट पोट तुंबलेलं असतं.

उष्ण प्रदेशातल्या गवतांचा स्वभावच असा आहे. पाऊस पडला की पवन्या, मारवेल, कुसळी झपाट्याने वाढतात. जुलै-ऑगस्टमध्ये कोवळ्या गवतात १० ते १२ टक्के प्रथिनं असतात. पण ही गवतं तितक्याच घाईने दांडा धरतात, फुलतात, बी टाकतात आणि पानातलं सत्त्व मुळाकडे व बियांकडे निघून जातं. डिसेंबरपर्यंत तेच गवत ३ ते ४ टक्क्यांवर येतं आणि पचनीयता साठ टक्क्यांवरून चाळीस-पंचेचाळीसवर घसरते. नागपूरला पाऊस जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत असतो. राहिलेल्या आठ महिन्यांपैकी निदान सहा महिने रानातलं गवत या सात टक्क्यांच्या रेषेखाली असतं.

या विषयाचा सर्वात खोल अभ्यास मांसासाठी गुरं पाळणाऱ्या उष्ण देशांत झाला, म्हणजे उत्तर ऑस्ट्रेलियात आणि ब्राझीलमध्ये. तिथली गुरं वर्षभर उघड्या रानात असतात आणि त्यांचं वजन हाच मालकाचा पैसा, म्हणून कधी काय दिलं की वजन किती बदलतं याचा तिथे काटेकोर हिशेब झाला. आपल्याकडे गोवंशाच्या कत्तलीला २०१५ पासून बंदी आहे, त्यामुळे गाय-बैल मांसासाठी वाढवण्याचा प्रश्न येत नाही. पण गवळाऊची कालवड असो, नागपुरी म्हशीचा हल्या असो की बेरारी शेळी, कोठीपोट सगळ्यांचं सारखंच चालतं. शिवाय तिकडच्या कळपांचं रक्तही आपलंच आहे. ब्राझीलचं नेलोर म्हणजे आंध्रातलं ओंगोल, आणि ब्राह्मन ही जात अमेरिकेत भारतीय गुरांपासूनच घडली. गवळाऊचं रूपही ओंगोलच्या जवळचं, फक्त अंगाने हलकं.

त्या अनुभवाचं सार एका वाक्यात सांगता येतं: जे सर्वात आधी कमी पडतं तेच द्या, बाकीचं देऊन उपयोग नाही. बैलजोडीत मंद बैलाच्या चालीनेच औत चालतं. तेज बैलाला कितीही टोचलं तरी औत पुढे जात नाही. कोरड्या दिवसांत मंद बैल म्हणजे नत्र. पावसाळ्यात नत्र आणि शक्ती दोन्ही गवतातून मिळतात, तेव्हा मंद बैल बदलतो आणि तो फॉस्फरस होतो. बारा महिने एकच गोणी ओतत राहिलं की पैसे जातात आणि जनावर होतं तिथेच राहतं.

आता आकडे घालून पाहू. २५० किलो वजनाची गावठी गाय मार्चमध्ये दिवसाला साधारण ४.५ किलो सुकं गवत खाते. त्यात ३.५ टक्के प्रथिनं धरली तर तिला मिळाली १५७ ग्रॅम. सूक्ष्मजीव नीट कामाला लागले की भूक खुलते आणि तीच गाय ५.५ किलो खाऊ शकते. त्या ५.५ किलोला ७ टक्क्यांच्या हिशेबाने ३८५ ग्रॅम प्रथिनं हवीत. गवतातून १९२ येतील, तूट राहील १९३ ग्रॅमची. सगळा पूरक आहार एवढी तूट भरण्यापुरताच असतो. गोणीभर खाद्य लागत नाही.

सर्वात निर्धोक मार्ग म्हणजे सरकी ढेप. टरफलासकट काढलेल्या ढेपेत २० ते २३ टक्के प्रथिनं असतात. रोज ९०० ग्रॅम ढेप दिली की वरची तूट पुरी होते. सरकीच्या प्रथिनांचा काही भाग कोठीपोटात न फुटता थेट पुढे जातो आणि गाईच्या स्वतःच्या कामी येतो, म्हणून व्यालेल्या गाईला आणि वाढत्या वासराला ती जास्त मानवते. तुरीची किंवा हरभऱ्याची चुनीही (डाळ करताना उरणारा चुरा) चालते, पण प्रथिनं थोडी कमी असल्याने जास्त द्यावी लागते. खरेदी करताना गोणीच्या भावाकडे पाहू नका, प्रथिनांच्या भावाकडे पाहा. किलोचा भाव प्रथिनांच्या टक्क्यांनी भागून शंभराने गुणला की एक किलो प्रथिनं कितीला पडली ते कळतं. समजा ढेप ३६ रुपये किलो आणि प्रथिनं २२ टक्के, तर एक किलो प्रथिनाला १६४ रुपये पडतात. याच हिशेबाने चुनी मोजा. पुष्कळदा स्वस्त दिसणारी गोणी महाग निघते.

ढेप हातात घेऊन फोडा. आत हिरवट-काळी बुरशी किंवा कुबट वास असेल तर परत करा, त्यात अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकतं. मूठभर चुरा पाण्यात टाकून ढवळला की वाळू-माती तळाला बसते. आणि चार महिन्यांच्या आतल्या वासरांना सरकी ढेप घालू नका. सरकीतलं गॉसिपॉल मोठ्या जनावराच्या कोठीपोटात बरंचसं निकामी होतं, पण वासराचं कोठीपोट अजून घडत असतं.

रोज द्यायला जमत नसेल तर एक सोय आहे. प्रथिनांचं पूरक खाद्य आठवड्यातून तीनदा दिलं तरी सुक्या गवतावर जवळजवळ तेवढाच फायदा होतो, कारण जनावर जादा नत्र रक्तातून लाळेवाटे पुन्हा कोठीपोटात आणतं. आठवड्याची मात्रा तीन भागांत वाटा. ही सवलत फक्त ढेप-चुनीला आहे. युरियाला ती कधीही लावू नका.

युरियाचं नाव काढलं की काहींना भीती वाटते आणि काहींना फार सोपं वाटतं. दोन्ही चूक. युरियात ४६ टक्के नत्र असतं. प्रथिनांच्या हिशेबात १०० ग्रॅम युरिया म्हणजे २८७ ग्रॅम प्रथिनांएवढं नत्र. सूक्ष्मजीव त्याचा अमोनिया करतात आणि त्यातून स्वतःचं शरीर बांधतात. म्हणजे ४० ग्रॅम युरिया सूक्ष्मजीवांना ११५ ग्रॅम प्रथिनांचं काम देतो. त्याच्या जोडीला ४०० ग्रॅम ढेप धरली तर दोन्ही मिळून २०० ग्रॅमच्या पुढे जातात. तूट निघाली आणि निम्म्याहून जास्त ढेप वाचली.

पण अमोनिया सूक्ष्मजीवांनी वेळेवर वापरला नाही तर तो रक्तात जातो, आणि यकृताला झेपेना झाला की जनावर तासाभरात मरू शकतं. म्हणून इथे आकडे पाळायलाच हवेत. १०० किलो वजनामागे दिवसाला २० ग्रॅमच्या वर जाऊ नका. २५० किलोच्या गाईला पहिला आठवडा १० ग्रॅम, दुसरा आठवडा २५, तिसऱ्या आठवड्यापासून ४०, आणि तेही सकाळ-संध्याकाळ निम्मं-निम्मं. काट्यावर मोजा, मुठीने नाही. खडे फोडून बारीक पूड करा आणि ढेप, चुनी, मीठ व थोड्या चुरलेल्या काळ्या गुळात नीट कालवा. गूळ नुसता चवीसाठी नाही, अमोनिया वापरताना सूक्ष्मजीवांना लागणारी झटपट शक्ती त्यातून मिळते. पोटात चारा असतानाच द्या, उपाशीपोटी कधीच नाही. मध्ये तीन-चार दिवस खंड पडला तर पुन्हा १० ग्रॅमपासून सुरुवात करा, कारण तेवढ्यात सवय मोडलेली असते.

युरियाच्या बरोबर गंधकही लागतं. सूक्ष्मजीवांच्या प्रथिनांत दहा भाग नत्रामागे सुमारे एक भाग गंधक असतं, आणि वाळल्या गवतात ते थोडं असतं. ऑस्ट्रेलियात म्हणूनच पाच भाग युरियाला एक भाग अमोनियम सल्फेट मिसळतात. आपल्या ४० ग्रॅमला ८ ग्रॅम. ढेप आणि गंधक असलेलं खनिज मिश्रण दोन्ही चालू असेल तर वेगळं गंधक बहुधा लागत नाही.

नागपूर भागासाठी एक धोका मुद्दाम सांगायला हवा. इथे घरोघरी सोयाबीन असतं आणि डागी, फुटका माल ढोरांना घालण्याची सवय असते. कच्च्या सोयाबीनमध्ये युरिएज नावाचं विकर असतं. ते युरियाचा अमोनिया क्षणात मोकळा करतं. युरिया चालू असलेल्या जनावराला कच्चं सोयाबीन घालणं म्हणजे विष घालणं. तेल काढताना चांगलं तापवलेली सोयाबीनची पेंड चालते, कच्चा दाणा नाही. दुसरं म्हणजे युरिया पिण्याच्या पाण्यात विरघळवून ठेवू नका. तहानलेलं जनावर एका दमात वीस लिटर पिऊन जातं. रिकामी गोणी हौदात धुऊ नका आणि भरलेली गोठ्यात उघडी ठेवू नका, दावणीतून सुटलेली गाय थेट तिथेच जाते.

विषबाधा झाली तर खाल्ल्यापासून अर्ध्या-एक तासात दिसते: कानशिलं आणि कातडी थरथरणं, लाळ, दात खाणं, पोट फुगणं, झोकांड्या, धाप. ताबडतोब डॉक्टरांना बोलवा. तोवर शुद्धीवर असलेल्या, गिळू शकणाऱ्या जनावराला दोन ते चार लिटर व्हिनेगर तेवढ्याच थंड पाण्यात मिसळून हळूहळू पाजा. आंबटपणामुळे अमोनिया रक्तात जाण्याचा वेग कमी होतो. मान फार वर उचलू नका, आणि आडवं पडून गळाठलेल्या जनावराच्या तोंडात काहीच ओतू नका, ते फुप्फुसात जातं. युरिया चारणाऱ्याच्या घरात व्हिनेगरच्या पाच-सहा बाटल्या आधीच हव्यात. गावात रात्री त्या मिळत नाहीत.

आणि युरिया भुकेल्या जनावरासाठी नाही. रानात आणि गोठ्यात भरपूर सुका चारा असेल तरच त्याचा उपयोग आहे. उघड्या बोडक्या रानातून परतलेल्या जनावराला युरिया दिला तर फायदा काहीच नाही आणि धोका पूर्ण. तिथे आधी चारा आणा.

रामटेक, मौदा, कुही, भिवापूर या धानाच्या पट्ट्यात युरिया वापरण्याची याहून चांगली वाट आहे, ती म्हणजे तणसावर प्रक्रिया. इथे युरियाचा अमोनिया जनावराच्या पोटात नव्हे तर ढिगात तयार होतो, तंतू मऊ करतो आणि तणसातल्या प्रथिनांचं प्रमाण ३-४ टक्क्यांवरून ७-८ टक्क्यांवर नेतो. म्हणून घरच्या वापरासाठी पहिली शिफारस हीच करावीशी वाटते. गव्हांड्यालाही (गव्हाच्या काडाला) ती लागू पडते. तुरीचं पानाळ कुटार मुळातच बरं असतं, त्यावर युरिया खर्चू नका.

१०० किलो तणसाला ४ किलो युरिया आणि ५० लिटर पाणी घ्या. पक्क्या जमिनीवर किंवा खड्ड्यात प्लास्टिकचा कागद अंथरा. २५ किलो तणसाचा थर पसरा, त्यावर १ किलो युरियाचं साडेबारा लिटर पाणी झारीने सारखं शिंपडा, पायाने दाबा आणि पुढचा थर घाला. ढीग जितका दाबाल तितकी हवा कमी राहील. शेवटी कागदाने झाकून कडा मातीने बुजवा. २१ दिवस उघडायचं नाही, थंडीत एक आठवडा जास्त. नीट झालेलं तणस पिवळसर तपकिरी, मऊ आणि डोळ्यांत पाणी आणणाऱ्या वासाचं असतं. वास आलाच नाही तर कागदाला कुठेतरी भोक आहे आणि अमोनिया उडून गेला. काळे, चिकट, बुरशीचे गठ्ठे निघाले तर तिथे पाणी साचलं होतं किंवा हवा शिरली होती, तेवढा भाग फेकून द्या. मोठी चूक होते ती पाण्यात. पाणी कमी घेतलं की युरिया सगळीकडे पोचत नाही आणि काही काड्यांवर खड्यासारखा बसतो.

चारण्याआधी लागेल तेवढं काढून तासभर उघड्यावर पसरा, म्हणजे मोकळा अमोनिया उडून जातो. पहिला आठवडा एक भाग प्रक्रियेचं आणि तीन भाग साधं, मग हळूहळू वाढवत मोठ्या जनावराला ४ ते ५ किलो. सहा महिन्यांखालच्या वासरांना नको. पाच जनावरांना महिन्याला ७५० किलोच्या आसपास लागतं, म्हणून दोन ढीग करून आळीपाळीने उघडा. हे तणस चालू असताना वरून वेगळा युरिया देऊ नका. आणि तणसात ऑक्सॅलेट असतं, ते कॅल्शियम बांधून टाकतं, म्हणून खनिज मिश्रण सोडू नका.

बाजारात चाटण विटाही मिळतात. एक प्रचलित प्रमाण असं: मळी ४५ टक्के, युरिया १५, खनिज मिश्रण १५, सरकी पेंड १०, मीठ ८, कॅल्साइट पावडर ४, बेंटोनाइट ३. वीट टणक असल्याने जनावर चाटून चाटूनच खातं, दिवसाला ३०० ते ५०० ग्रॅम, आणि युरिया थोडाथोडा पोटात जातो. त्यातच तिची सुरक्षितता आहे. वीट भुगा होत असेल किंवा गाय दाताने फोडून खात असेल तर काढून घ्या. छपराखालीच ठेवा. आपल्याकडे फेब्रुवारी ते एप्रिल अवकाळी पाऊस आणि गारा होतातच. भिजलेल्या विटेखाली गव्हाणीत साचलेलं पाणी म्हणजे युरियाचं दाट द्रावण, आणि पहिली तहानलेली गाय ते पिऊन टाकते. गव्हाणीच्या तळाला भोकं आणि उतार ठेवा.

नत्राऐवजी शक्ती, म्हणजे मका, कोंडा, शिळा भात, भरपूर दिला तर काय होतं? एक-दीड किलो धान्य पोटात गेलं की सूक्ष्मजीव आधी पिष्ट खातात, कोठीपोट आंबट होतं आणि तंतू फोडणारे जीव मागे पडतात. गाय तेवढं गवत कमी खाते. म्हणजे फुकटचं गवत रानात राहिलं आणि विकतचं धान्य पोटात गेलं. अर्ध्या किलोपर्यंत हरकत नाही, पण नत्राची तूट भरल्यावरच. लग्नसराईत उरलेला भात-पोळ्यांचा ढीग एकदम समोर टाकणं तर प्राणघातक ठरू शकतं. आम्ल वाढून जनावर दोन दिवसांत आडवं होतं.

आता पावसाळा. जुलैपासून गवत हिरवं, प्रथिनं पुरेशी, जनावर वाढायला लागतं. नेमकं तेव्हाच हाडं आणि मांस घडवायला फॉस्फरस लागतो, आणि मुरमाड बरडावरच्या गवतात तो तोकडा असतो. गवतात ०.१५ टक्के फॉस्फरस धरला आणि जनावराने ५.५ किलो सुका अंश खाल्ला तर ८ ग्रॅम मिळतो, तर वाढत्या जनावराची गरज १०-१२ ग्रॅमपर्यंत जाते. रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण दिलं, आणि त्यात १२ टक्के फॉस्फरस असला, तर ६ ग्रॅम येतात. तूट भरून थोडं उरतं. बरेच जण हेच मिश्रण उन्हाळ्यात देतात आणि पावसाळ्यात गवत आहे म्हणून बंद करतात. नेमकं उलटं करायला हवं. उन्हाळ्यात वजन घटत असताना फॉस्फरसची गरजही कमी असते आणि थोडाफार तुटवडा हाडांच्या साठ्यातून भागतो. दुभत्या आणि गाभण गाईला मात्र बारा महिने द्या, आणि प्रक्रियेचं तणस चालू असलेल्या जनावरालाही बंद करू नका.

गोणीवरचं लेबल वाचा: कॅल्शियम २० टक्क्यांच्या आसपास, फॉस्फरस १२ च्या आसपास, शिवाय जस्त आणि तांबं. काळ्या कापूस-जमिनीत जस्ताची उणीव नेहमीची आहे. ज्या पुडीवर फॉस्फरसचा आकडाच नाही ती घेऊ नका, त्यात बहुतेक चुना आणि मीठच निघतं. नुसता फॉस्फरस हवा असेल तर खाद्य दर्जाचं डायकॅल्शियम फॉस्फेट घ्या, त्यात सुमारे १८ टक्के फॉस्फरस असतो. घरचं चाटण ४० भाग डायकॅल्शियम फॉस्फेट, ५० भाग मीठ आणि १० भाग ढेपेचा चुरा असं कालवून गव्हाणीत ठेवता येतं. शेतात टाकायचं डीएपी मात्र गुरांना कधीही नको. त्यातलं फ्लोरिन दात आणि हाडं खातं.

फॉस्फरस फार कमी पडला की जनावर स्वतःच सांगतं. हाडं, चिंध्या, विटा, चपला चघळतं, ताठरून चालतं. हाड चघळणं नुसती खोड नाही. मेलेल्या जनावराच्या हाडावर बोट्युलिझमचे जंतू विष सोडतात, ते पोटात गेलं की मागचे पाय लुळे पडतात, जीभ बाहेर लोंबते, आणि उपचार जवळजवळ नाही. उत्तर ऑस्ट्रेलियात यासाठी गुरांना लस टोचतात. आपल्या हातात आहे ते म्हणजे फॉस्फरस देणं आणि मेलेलं ढोर गावाबाहेर उघड्यावर न टाकता खोल पुरणं.

मीठ दिवसाला २५ ते ३० ग्रॅम, बारा महिने. पाणी मे महिन्यात ४० ते ५० लिटर, दुभतीला त्याहून जास्त, आणि तेही दोनदा. रानात दिवसभर पाणी नसेल तर वरचा सगळा हिशेब कोलमडतो. सुका चारा पाण्याशिवाय पुढे सरकतच नाही.

वर्षभराचं सर्वात स्वस्त पूरक खाद्य मात्र गोणीत मिळत नाही, ते ऑक्टोबरच्या धुऱ्यावर उभं असतं. गवत कापायची आपली वहिवाट दिवाळीनंतरची, बी झडून दांडे पिवळे पडल्यावरची. तोवर सत्त्व निघून गेलेलं असतं आणि कुसळीची कुसळं तोंडात रुततात ती वेगळीच. पवन्या-मारवेल फुलोऱ्यात असताना, साधारण पोळ्यानंतर दसऱ्यापर्यंत, उघडीप पाहून कापा. तेव्हा त्यात ७-८ टक्के प्रथिनं असतात, म्हणजे सूक्ष्मजीवांच्या रेषेवर. दोन-तीन दिवस पालटत वाळवा, काडी पिळल्यावर ओल लागू नये आणि वाकवल्यावर मोडावी, मग छपराखाली गंजी घाला. ओलं रचलं तर गंजी तापते आणि बुरशी धरते. फुलोऱ्यातल्या एका गंजीने एप्रिल-मेमधली किती ढेप वाचते, ते वरच्या हिशेबाने स्वतःच काढून पाहा. जमीन आपली असेल तर बरडावर पहिल्या पावसात स्टायलो टाका. हे शेंगवर्गी गवत स्वतः नत्र बांधतं आणि वाळल्यावरही त्याच्या पानात प्रथिनं टिकतात. बी कठीण कवचाचं असतं, उकळून थोडं निवलेल्या पाण्यात काही मिनिटं भिजवून टाकलं तर उगवण बरी होते. सुबाभळीचा पाला उत्तम, पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. त्यातल्या मिमोसिनने केस झडतात.

पैसे थोडे असतील तर सगळ्या गोठ्याला सारखं वाटू नका. शेवटच्या तीन महिन्यांतली गाभण गाय, पहिलारू आणि दूध सुटलेलं वासरू, यांना आधी. गाय व्याली तेव्हा अंगावर मांस असेल तरच ती लवकर माजावर येते, व्याल्यानंतर ओतलेल्या खाद्याने ते भरून निघायला फार वेळ लागतो. उत्तर ऑस्ट्रेलियात कोरडा हंगाम सुरू होताना वासरं आईपासून तोडतात, १०० किलोच्या वासरालाही, कारण गाईच्या अंगावरचा दुधाचा ताण काढणं हे कुठल्याही गोणीपेक्षा स्वस्त पडतं. आपल्याकडे सहा-सात महिन्यांचं वासरू उन्हाळाभर थानाला लागू देण्यापेक्षा त्याला वेगळी ढेप द्यावी आणि गाईला सोडवावं.

दिलेलं लागू पडतंय का, ते शेण सांगतं. नत्र कमी असलेल्या गाईचं शेण कोरडं, घट्ट, एकावर एक थापल्यासारखं पडतं आणि फोडलं की लांब काड्या दिसतात. पूरक खाद्य सुरू केल्यावर आठ-दहा दिवसांत शेणाचा पो पसरट होतो, मधे किंचित खळगा पडतो, काड्या आखूड होतात. असं झालं नाही तर मात्रा कमी आहे, किंवा दांडगी गाय दुसरीची ढेप खाते आहे. दावणीला वेगवेगळं बांधून द्या.

आणि जूनच्या पहिल्या सरींनंतर घाईने हात आखडता घेऊ नका. रान हिरवं दिसतं, पण कोंब बोटभर असतो आणि त्यात पाणीच जास्त. जनावर वाळलं गवत सोडून हिरव्या कोंबामागे दिवसभर वणवण करतं, पातळ हगतं आणि उलट वजन गमावतं. ज्वारीच्या धसकटांना फुटलेल्या कोवळ्या फुटव्यांत तेव्हा किराळ लागण्याचा (सायनाइडच्या विषबाधेचा) धोका असतो, तिकडे जाऊच देऊ नका. युरिया पहिल्या पावसालाच बंद करा. सकाळी सोडण्याआधी दोन किलो सुका चारा आणि निम्मी ढेप मात्र चालू ठेवा, गवत वीतभर होऊन शेण आपोआप सैल व्हायला लागेपर्यंत, म्हणजे साधारण दोन ते तीन आठवडे. त्याच सुमारास खनिज मिश्रणाची गोणी उघडा.